कमांड लाइनवरून कामांची यादी

करावयाच्या कामांची यादी ठेवण्यासाठी संगणकावर आणि मोबाइलवर असंख्य सोयी आहेत. मात्र ज्या सेवेत यादी ठेवली ती सेवाच बंद पडली तर काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. 'वंडरलिस्ट' ही लोकप्रिय सेवा २०१५ साली मायक्रोसॉफ्टने विकत घेतली आणि ६ मे २०२० रोजी ती बंद झाली. वापरकर्त्यांना आपल्या याद्या अन्यत्र हलवाव्या लागल्या.

या प्रश्नाला 'टूडू.टीएक्सटी' हे एक साधे उत्तर आहे. 'लाइफहॅकर' या संकेतस्थळाच्या संस्थापक-संपादिका जीना ट्रपानी यांनी २००६ मध्ये ही छोटी शेल स्क्रिप्ट उपलब्ध करून दिली. तिचे सूत्र एकच: सारी यादी एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवायची आणि प्रत्येक काम एका ओळीत लिहायचे. फाइल कोणत्याही संगणकावर, कोणत्याही एडिटरमध्ये उघडते. उद्या ही स्क्रिप्ट नाहीशी झाली, तरी यादी वाचता येईलच.

ओळीची रचना

महत्त्वाच्या कामाच्या आरंभी कंसात रोमन लिपीतील मोठे अक्षर लिहितात. 'ए' म्हणजे सर्वांत निकडीचे. अधिक चिन्हामागून प्रकल्पाचे नाव आणि '@' चिन्हामागून काम कोठे वा कशाने करायचे ते येते. उदाहरणार्थ: '(ए) विमा प्रतिनिधीशी बोलणे +गाडी @फोन'. कामाला असा संदर्भ जोडण्याची पद्धत डेव्हिड ॲलन यांच्या २००१ मधील 'गेटिंग थिंग्ज डन' या पुस्तकाने रूढ केली. काम पूर्ण झाले की ओळीच्या आरंभी लहान 'एक्स' आणि तारीख पडते. यादी वर्णक्रमाने लावली की कंसाने सुरू होणाऱ्या ओळी आपोआप वर येतात. निकडीची कामे शोधावी लागत नाहीत.

मुख्य आज्ञा

पुढील आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीत, 'टूडू.एसएच' या नावापुढे टाइप कराव्यात.

- 'ॲड' आणि कामाचा मजकूर: यादीत नवी ओळ.
- 'एलएस': क्रमांकांसह यादी. पुढे '@फोन' लिहिल्यास केवळ दूरध्वनीची कामे दिसतात.
- 'पीआरआय', क्रमांक आणि अक्षर: कामाचा अग्रक्रम ठरतो.
- 'डू' आणि क्रमांक: काम पूर्ण. मूळ मांडणीनुसार ती ओळ 'डन.टीएक्सटी' या संग्रहात जाते.

ओळी संग्रहात गेल्यावर उरलेल्या कामांचे क्रमांक बदलू शकतात. म्हणून 'डू' देण्यापूर्वी यादी एकदा पाहून घ्यावी. अन्यथा भलतेच काम पूर्ण झाल्याची नोंद होते.

मर्यादा

लिनक्स आणि मॅकवर ही स्क्रिप्ट थेट चालते; विंडोजवर त्यासाठी लिनक्सची उपप्रणाली किंवा 'सिगविन' लागते. कामे मराठीतही लिहिता येतात, मात्र फाइल 'यूटीएफ-८' पद्धतीने साठवावी. काही टर्मिनलमध्ये जोडाक्षरे विस्कटलेली दिसतात. फाइलमधील मजकूर मात्र अबाधित असतो. स्क्रिप्ट वेळेवर घंटा वाजवून आठवण करून देत नाही. तीच फाइल दोन यंत्रांवर एकाच वेळी बदलल्यास नोंदी परस्परांवर आदळण्याचा धोकाही असतो.

मुदती, पुनरावृत्त कामे, एकमेकांवर अवलंबून असलेली कामे यांचा हिशेब हवा असल्यास 'टास्कवॉरियर' अधिक समर्थ आहे. मात्र २०२४ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून त्याने मजकुराच्या फाइलऐवजी 'एसक्यूलाइट' या डेटाबेसचा स्वीकार केला. सोयी वाढल्या, परंतु नुसती फाइल उघडून यादी वाचण्याची मुभा गेली. निवड करताना हा व्यवहार ध्यानात घ्यावा. साधन कोणतेही असो, यादीची एक प्रत साध्या मजकुरात स्वतःपाशी ठेवणे शहाणपणाचे.