व्यायाम आणि मेंदू : एका निवाड्याची कथा

पैलवानाची अक्कल गुडघ्यात असते, ही म्हण तालमीच्या बाहेर उभे राहणाऱ्यांनीच प्रचारात आणली असावी. जोर-बैठका काढणारा आणि ग्रंथ वाचणारा हे दोन निराळ्या जातीचे प्राणी होत, दंड भरू लागले की बुद्धी आकसू लागते, हा समज मात्र केवळ मराठी मुलखापुरता नाही. युरोपातही तो मुरलेला होता. मेंदूच्या आधुनिक शास्त्राचा पाया ज्यांनी घातला, ते स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी आपल्या आत्मचरित्रात त्याला दुजोराच दिला आहे. आणि विशेष हे की, त्यांचे मत ऐकीव नव्हते, स्वतः घाम गाळून बनलेले होते.

काहाल यांचा जन्म १८५२ सालचा. सारागोसा येथे वैद्यकाचे शिक्षण घेत असता बळाच्या एका पैजेत सहाध्यायाने त्यांना हरविले. ते त्यांच्या मनाला फार लागले. शहरातील एका व्यायामशाळेच्या चालकाशी त्यांनी सौदा केला : त्याने व्यायाम शिकवावा आणि त्या बदल्यात काहाल यांनी त्याला स्नायूंचे शास्त्र शिकवावे. मग हा तरुण असा काही नादावला की, छातीचा घेर ११२ सेंटिमीटरच्या वर गेला आणि छत्रीच्या गवसणीसारखी रंगविलेली जड लोखंडी कांब हातात घेऊन तो रस्त्याने हिंडू लागला. प्रौढपणी या वेडाकडे वळून पाहताना मात्र त्यांनी बजावले की, अभ्यासू माणसाचा व्यायाम थोडा आणि बेताचा असावा. थकवा येईपर्यंत शरीर राबविले तर रात्री पुस्तकापुढे मेंदू दगडासारखा जड होऊन बसतो. अनुभव खोटा नव्हता. दिवसभराच्या कष्टानंतरची ती ग्लानी कोणाही गवंड्याला ठाऊक असते. परंतु एका रात्रीच्या थकव्यावरून आयुष्याचा हिशेब मांडता येत नाही, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानी आले नाही.

१८९४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने काहाल यांना व्याख्यानास पाचारण केले. मज्जापेशी या सुट्या सुट्या असतात आणि त्यांच्या फांद्या एकमेकींजवळ येऊन संदेश पोचवितात, हे त्यांनी सूक्ष्मदर्शक यंत्राने दाखविलेच होते. या व्याख्यानात त्यांनी मेंदूला असंख्य वृक्षांनी भरलेल्या बागेची उपमा दिली. नवे झाड लावता येणार नाही, पण मशागत केली तर असलेल्या झाडांना नव्या फांद्या फुटतील, असा तिचा आशय. या मशागतीला त्यांनी शब्द योजला तो मात्र व्यायामशाळेतलाच : मेंदूची कसरत. अर्थात ती मनाची कसरत, चिंतनाची. हातापायांच्या कसरतीचा मेंदूला काही लाभ होत असेल, हे या व्याख्यानाच्या कक्षेबाहेरच होते.

पुढे १९१३-१४ साली मज्जासंस्थेच्या ऱ्हासावरील आणि पुनर्निर्मितीवरील आपल्या ग्रंथात त्यांनी तो प्रसिद्ध निवाडा दिला. वाढ पुरी झालेल्या मेंदूतील मार्ग ठरून गेलेले असतात. तेथे पेशी मरू शकते, नवी जन्मू शकत नाही. हा कठोर निवाडा बदलणे शक्य असेल, तर ते काम उद्याच्या शास्त्राचे आहे, असेही त्यांनी त्याच ठिकाणी लिहून ठेवले. निवाडा मात्र सर्वांनी पाठ केला आणि पुस्ती विसरली गेली. थोरांच्या वचनांचे बहुधा असेच होते.

या निवाड्याला पहिला तडा गेला १९६२ साली. मूळचे बुडापेस्टचे असलेले जोसेफ आल्टमन अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेत काम करीत होते. पेशी दुभंगून नवी होताना तिला आनुवंशिक द्रव्य नव्याने घडवावे लागते. त्या द्रव्याचा एक घटक किरणोत्सर्गी करून प्राण्याच्या शरीरात सोडला, की ज्या पेशी नव्याने होतात त्यांतच तो जाऊन बसतो आणि छायाचित्राच्या लेपावर काळे ठिपके उमटवितो. असे ठिपके आल्टमन यांना मोठ्या वयाच्या उंदरांच्या मेंदूत दिसले. १९६५ साली गोपाळ दास या सहकाऱ्यासह त्यांनी आणखी सविस्तर पुरावा प्रसिद्ध केला. तोही अशा जागेचा, जिचा स्मृतीशी निकटचा संबंध आहे. समुद्रघोड्याशी साम्य असल्यामुळे तिला हिपोकॅम्पस म्हणतात.

यावर वादळ उठावयास हवे होते. झाले उलटेच, फारसे कोणी लक्षच दिले नाही. दिसलेल्या पेशी खऱ्या मज्जापेशी नसून त्यांना आधार देणाऱ्या पेशी असतील, अशी शंका काढून विषय मिटविण्यात आला. आल्टमन ती संस्था सोडून १९६८ साली पर्ड्यू विद्यापीठात गेले. पुढे मायकेल कॅप्लन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्याच निष्कर्षाला पुष्टी दिली. त्यांचीही तीच गत झाली. १९८० नंतरच्या काळात फर्नांडो नॉटेबोम यांनी कॅनरी पक्ष्यांच्या मेंदूत नव्या पेशी जन्मताना दाखविल्या, तेव्हा विद्वानांनी ते मान्य केले. पण ते पाखरांपुरते!

व्यायामाचा या कथेत प्रवेश झाला तो खेळण्याच्या रूपाने. कॅलिफोर्नियातील साल्क संस्थेत फ्रेड गेज आणि त्यांचे सहकारी उंदरांना ऐसपैस पिंजऱ्यात ठेवून भुयारे, खेळणी, सोबती आणि पळण्याचे चाक देत. अशा उंदरांच्या हिपोकॅम्पसमध्ये नव्या मज्जापेशी अधिक आढळल्या. पण हा गुण कशाचा? खेळण्यांचा, संगतीचा, की शिकण्याचा? हेन्रिएटा फान प्राख यांनी ही गाठ सोडविली. त्यांनी काही उंदरांना पाण्यातील वाट शोधावयास शिकविले, काहींना नुसते पोहावयास लावले आणि काहींच्या पिंजऱ्यात एक चाक ठेवून बाकी काही केले नाही. १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : शिकल्याने वा पोहल्याने नव्या पेशींची संख्या वाढली नाही, आपखुशीने चाकावर धावणाऱ्या उंदरांत मात्र तगून राहिलेल्या नव्या पेशी दुपटीवर गेल्या होत्या. नंतरच्या प्रयोगांत हे धावणारे उंदीर पाण्यातील वाटही लवकर शिकले. ज्या मेहनतीने मेंदू जड होतो असे मानले जात होते, तिनेच येथे स्मृतीच्या जागेत नवी रोपे लावली होती.

याचे कारण अंशतः कळले आहे. कार्ल कॉटमन यांच्या प्रयोगशाळेने १९९५ सालीच दाखविले होते की, धावणाऱ्या उंदरांच्या मेंदूत मज्जापेशींना जगविणाऱ्या व वाढविणाऱ्या एका प्रथिनाची निर्मिती वाढते. खताचे जे काम झाडाला, तेच याचे पेशीला. स्नायू हलले म्हणजे खत मेंदूत पडते, ही गोष्ट काहाल यांच्या बागेच्या उपमेत किती सहज बसली असती!

माणसाविषयी मात्र जपून बोलावे लागते. १९९८ साली गेज यांनी स्वीडनच्या पीटर एरिक्सन यांच्यासह, मृत्यूनंतर तपासलेल्या कर्करोग्यांच्या मेंदूंत नव्या मज्जापेशी दाखविल्या. परंतु २०१८ साली दोन परस्परविरोधी निबंध थोड्याच दिवसांच्या अंतराने बाहेर पडले. एकाच्या मते या पेशी मुलांच्या वयानंतर जवळजवळ मिळतच नाहीत, दुसऱ्याच्या मते त्या म्हातारपणीही मिळतात. तो वाद तेथे मिटला नाही. तथापि, पेशी नवी की जुनी हा प्रश्न बाजूला ठेवला तरी चालण्याचा परिणाम मोजता येतो. अमेरिकेतील कर्क एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १२० वृद्धांचे दोन गट केले. एक गट वर्षभर आठवड्यातून तीन दिवस चालत राहिला, चाळीस मिनिटांपर्यंत. दुसरा नुसते अंग ताणण्याचे हलके व्यायाम करीत राहिला. वयपरत्वे हिपोकॅम्पस आक्रसत जातो. दुसऱ्या गटात तसेच झाले. चालणाऱ्यांचा मात्र सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला आढळला. कुस्ती नाही, मुद्गल नाहीत, लोखंडी कांब तर नाहीच, चालणे, तेवढेच.

हे आकडे २०११ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी जोसेफ आल्टमन यांना, वयाची ८५ वर्षे उलटल्यावर, इतर दोघा शास्त्रज्ञांसमवेत विज्ञानाचा एक मोठा पुरस्कार देण्यात आला. तो देणारा देश होता काहाल यांचा स्पेन.