हाती घंटा, हाती कंदील

चर्चच्या मनोऱ्यातील घंटा भाविकांना आपल्याकडे बोलावते. ती स्वतः जागची हलत नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यावर गोव्याच्या रस्त्यांवर मात्र एक लहानशी घंटा माणसांना शोधत त्यांच्या दारापर्यंत गेली. ती संत फ्रान्सिस झेवियर यांच्या हातात होती. त्यांचे चमत्कार, त्यांचे दूरदूरचे प्रवास, गोव्यात जतन केलेले त्यांचे शरीर यांविषयी आपल्या घराघरांत पुष्कळ बोलले जाते. त्या घंटेची गोष्ट मात्र दोन वाक्यांत आटोपते. अनोळखी माणसासाठी, त्याच्या दारात किंवा भर रस्त्यात, प्रार्थना करावी काय आणि करावी तर कोणत्या रीतीने, हा प्रश्न आजही आपल्या धर्मग्रामांतून अधूनमधून निघतो. त्याचा विचार करताना हा इतिहास नीट वाचण्याजोगा आहे.

७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून निघालेले झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोहोचले. वाटेत मोझांबिकला जहाजे अडकून पडली, तेव्हा तेथील इस्पितळात त्यांनी रुग्णसेवा केली होती. त्यांच्यापाशी पोपमहोदयांची अधिकारपत्रे होती, पोर्तुगालच्या राजाचा पाठिंबा होता. तरीही गोव्यात त्यांनी आपले बिऱ्हाड थाटले ते इस्पितळात. २० सप्टेंबर १५४२ रोजी रोममधील आपल्या बंधूंना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपला दिनक्रम सांगितला आहे. इस्पितळातील आजाऱ्यांची पापनिवेदने ऐकावीत, त्यांना पवित्र कम्युनियन द्यावे. तुरुंगातील कैद्यांना भेटावे. रविवारी शहराबाहेरच्या कुष्ठरोग्यांकडे जाऊन मिस्सा अर्पण करावी. इस्पितळाजवळच्या पवित्र मरियेच्या मंदिरात ते मुलांना प्रार्थना शिकवीत आणि बहुधा तीनशेहून अधिक मुले तेथे जमत.

ही मुले जमवण्यासाठीच घंटा होती. झेवियर यांच्या मृत्यूनंतर राजाच्या आज्ञेवरून १५५६-५७ मध्ये गोवा, कोची, वसई आणि मलाक्का येथे त्यांना पाहिलेल्या लोकांच्या साक्षी नोंदवण्यात आल्या. वसईचे नाव त्या यादीत आहे, याचे आपल्याला विशेष वाटावे. अशा साक्षींतून आणि त्या काळच्या चरित्रलेखनातून जे चित्र उभे राहते ते असे : हा धर्मगुरू घंटा वाजवीत गल्ल्यांतून व चौकांतून फिरे आणि मालकांना विनवी, की देवाच्या प्रेमास्तव आपली मुले व आपले गुलाम धर्मशिक्षणासाठी पाठवा. गुलामांना समजावे म्हणून तो त्यांच्याच मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये बोले. पॅरिसच्या विद्यापीठात शिकलेल्या माणसाने बाजारातील गुलामाची बोली तोंडी घ्यावी, ही लहान गोष्ट नव्हे. ज्यांच्याशी कोणी नीट बोलतही नसे, त्यांच्यापर्यंत प्रार्थना त्यांच्याच शब्दांत पोहोचत होती.

त्याच वर्षी ते दक्षिणेकडील मोती काढणाऱ्या परवर कोळ्यांच्या किनाऱ्यावर गेले. या लोकांचा बाप्तिस्मा काही वर्षांपूर्वीच झाला होता. परंतु त्यांना शिकवणारे कोणी नव्हते. झेवियर यांनी जाणकारांच्या मदतीने प्रार्थनांचे तमिळ भाषांतर करून घेतले, ते स्वतः पाठ केले आणि पुन्हा हाती घंटा घेतली. १५ जानेवारी १५४४ रोजी कोचीहून लिहिलेल्या पत्रात यानंतरची एक हकिगत आहे. आजाऱ्यासाठी प्रार्थना करावयास या, अशी बोलावणी त्यांना इतकी येऊ लागली की एकट्याने सर्वत्र जाणे अशक्य झाले. कोणाचीही निराशा होऊ नये म्हणून त्यांनी प्रार्थना पाठ झालेल्या मुलांनाच घरोघर धाडले. ही मुले आजाऱ्याच्या घरची माणसे आणि शेजारी गोळा करीत, सर्वांसमवेत विश्वासांगीकार म्हणत आणि आजाऱ्याला धीर देत.

या हकिगतीत दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही, की दार आतून उघडले गेले होते. प्रार्थनेची मागणी घरच्यांची होती. दुसरी ही, की प्रार्थना घेऊन जाणारे कोणी विद्वान नव्हते. ती कोळ्यांची पोरे होती.

पुढे झेवियर आजच्या इंडोनेशियातील मोलुक्का बेटांवर, लवंगेच्या व्यापाराचे केंद्र असलेल्या तेर्नाते येथे पोहोचले. २० जानेवारी १५४८ च्या पत्रात ते लिहितात, की तेथे चौकांत मुले, घरांत बायका, शेतांत कष्टकरी आणि समुद्रावर कोळी प्रार्थना गाऊ लागले होते. त्याच पत्रात एका रात्रीच्या प्रथेचा उल्लेख आहे. मिझेरिकॉर्डिया या दयासंघाचा झगा घातलेला एक माणूस एका हाती कंदील आणि एका हाती घंटा घेऊन गावातून फिरे. जागोजागी थांबून तो मोठ्याने हाक देई, की शुद्धिस्थानातील आत्म्यांसाठी प्रार्थना करा. आणि जे पापात रुतून बसले आहेत, ज्यांना त्यातून बाहेर येण्याची इच्छाही नाही, त्यांच्यासाठी प्रार्थना करा. अंधारातून आलेली ती हाक प्रार्थना देत नव्हती, मागत होती. घरात निजलेल्या माणसाकडेही द्यावयास काही आहे, असे ती त्याला सांगत होती.

परंतु या इतिहासाची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. याच झेवियर यांनी १६ मे १५४६ रोजी आंबोन येथून राजा तिसरा जॉन यांना पत्र लिहून गोव्यात धर्मन्यायालय स्थापावे अशी विनंती केली. ते १५६० मध्ये, त्यांच्या निधनानंतर आठ वर्षांनी, सुरू झाले आणि मधला काही काळ वगळता १८१२ पर्यंत चालले. त्याच्या जाचाच्या आठवणी गोमंतकाच्या स्मृतीतून अजून पुसलेल्या नाहीत. रस्त्यावरची घंटा ऐकून दार उघडावे की लोटून घ्यावे, हे ऐकणाऱ्याच्या हाती असते. सत्तेची घंटा वाजली म्हणजे ती मोकळीक उरत नाही. एकाच संताच्या आयुष्यात या दोन्ही घंटा ऐकू येतात. त्यांपैकी आपण कोणती उचलावी, हे सुवार्तेच्या उजेडात आपणच ठरवावयाचे आहे.

झेवियर यांच्या सहकाऱ्यांची हिंदुस्थानातून आलेली पत्रे रोममध्ये मोठ्या आवडीने वाचली जात. ती ऐकून संत फिलिप नेरी यांना व त्यांच्या काही सोबत्यांना १५५७ च्या सुमारास वाटले, की आपणही तिकडे जावे. त्यांनी एका सिस्टर्शियन मठवासीयाचा सल्ला घेतला. तुझे हिंदुस्थान रोममध्येच आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. फिलिप तेथेच राहिले आणि रोमच्या रस्त्यांवर, दुकानांपाशी, चौकांत भेटेल त्याच्याशी हसत-खेळत बोलत त्यांनी अनेकांना प्रार्थनेकडे वळवले. १२ मार्च १६२२ रोजी पोप पंधरावे ग्रेगरी यांनी ज्या पाच जणांना संत घोषित केले, त्यांत हे दोघेही होते : एक सातासमुद्रांपार गेलेला, दुसरा आपल्या शहरातच राहिलेला.

आपल्याकडेही ही परंपरा निराळ्या रूपाने जगली आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा गल्लोगल्ली क्रूस उभारले गेले. आळीतील माणसे तेथे जमून साथीतून सोडवणुकीसाठी प्रार्थना करीत. यांपैकी अनेक क्रूस आजही उभे आहेत आणि जाता-येता थांबून हात जोडणारे सर्वच ख्रिस्ती असतात असे नाही. त्यांना कोणी बोलावलेले नसते आणि कोणी हटकतही नाही. युरोपात २००५ मध्ये कोलोनच्या जागतिक युवा दिनानंतर जर्मनीतील बॉन शहरी काही तरुणांनी असाच एक साधा उपक्रम सुरू केला. रात्री चर्चचे दार उघडे ठेवायचे, बाहेर जाऊन वाटसरूंच्या हाती मेणबत्ती द्यायची आणि आत येऊन ती लावाल का, एवढेच विचारायचे. पुढे तो अनेक देशांत पसरला.

गोव्याची घंटा, किनाऱ्यावरची मुले, तेर्नातेचा कंदील आणि बॉनची मेणबत्ती यांत एक समान क्रम दिसतो. आधी सेवा, मग ओळख, मग विचारणा आणि अखेरीस प्रार्थना. हा क्रम उलटला, की परक्याला तिच्यात हेतूचा वास येतो आणि तो वास त्याला येतो याचा दोष त्याला देता येत नाही. इस्पितळात शेजारच्या खाटेवरील माणसाला पाण्याचा पेला देऊन, तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल काय, असे हळूच विचारणे आपल्यापैकी कोणालाही जमण्यासारखे आहे. त्याने नको म्हटले, तर पाणी तरीही द्यावे. त्याने हो म्हटले, तर त्याचे नाव विचारून घ्यावे; आणि निघताना, आमच्यासाठीही तुमच्या देवाजवळ दोन शब्द बोला, असे म्हणावयास संकोचू नये.