कॅसलरॉकपलीकडची मुंबई

पश्चिम घाटाच्या माथ्यावर, उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात, कॅसलरॉक नावाचे एक लहानसे रेल्वे स्थानक आहे. भोवती दाट अरण्य, पावसाळ्यात दिवसेंदिवस न उघडणारी झड, आणि दूधसागरच्या धबधब्यासमोरून गोव्यात उतरत जाणारा लोहमार्ग. आज येथे उतरणारा प्रवासी बहुधा सहलीस निघालेला असतो. परंतु १८८८ पासून १९६१ पर्यंत हे स्थानक म्हणजे दोन सत्तांच्या सरहद्दीवरील दार होते. अलीकडे मुंबई इलाख्याचा कारवार जिल्हा, पलीकडे पोर्तुगालच्या ध्वजाखालचा गोवा. या दारातून जी माणसे वर चढून आली, त्यांत व्यापारी थोडे आणि नोकरीच्या शोधात निघालेले तरुण फार होते. सामान म्हणजे एक पेटी आणि गुंडाळलेली चटई. जायचे मुंबईस, आणि पुष्कळांच्या बाबतीत काम ठरलेले: परक्यांच्या घरी, परक्यांच्या हॉटेलांत नाहीतर परक्यांच्या आगबोटींवर रांधणे आणि वाढणे.

मुंबई ही गोमंतकीयांना परदेशी नगरी होती, हे आज मुद्दाम सांगावे लागते. मडगावहून निघालेला मनुष्य कॅसलरॉकला पोचला की त्याच्यावरचा राजा बदले, कचेरीची भाषा बदले, आणि जकातीच्या कारकुनापुढे पेटी उघडून दाखवावी लागे. पुढे लोंढा, बेळगाव, मिरज करीत पुणे, आणि पुण्यास अरुंद रुळांची गाडी सोडून रुंद रुळांच्या गाडीत बसणे. किनाऱ्याने जाणाऱ्या बोटी होत्या, नाही असे नाही. पण पावसाळ्यात त्या बंद राहत, आणि पोटाला पावसाळ्याची सुटी नसते.

ही माणसे निघाली का? गोव्यातील जमीन भाटकारांच्या हाती, भातशेती तुटपुंजी, आणि लिस्बनच्या सरकारास या प्रांतात नवा उद्योग काढण्याची ऐपत नव्हती. मुंबईची वाट त्याआधीच माहीत झालेली होती. नेपोलियनच्या युद्धांच्या धामधुमीत, १७९९ ते १८१३ या काळात, इंग्रजांचे सैन्य गोव्याच्या किल्ल्यांत येऊन राहिले होते. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या चाकरीत राहिलेली काही माणसे, सैन्य परतले तेव्हा त्यांच्यामागून इंग्रजी मुलखात गेली. पुढे १८७८ साली इंग्रज व पोर्तुगीज यांच्यात जो तह झाला, त्याने गोव्यातील मिठाचा व मद्याचा व्यवहार इंग्रजांच्या देखरेखीखाली गेला. मोबदल्यात पोर्तुगीज सरकारास दरसाल चार लाख रुपये मिळू लागले. सरकारला रुपये मिळाले, पण मिठागरांवर पोट असलेल्या कुटुंबांचे पोट गेले. हा तह १८९२ साली संपला. तोवर याच तहातून निघालेली रेल्वे मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंत येऊन पोचली होती. ज्या कराराने गावातला धंदा बुडवला त्यानेच गाव सोडण्याची गाडीही आणून दिली, हा योगायोग मोठा बोलका आहे.

आता स्वयंपाकघरच का, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर आपल्या समाजरचनेत आहे. इंग्रज साहेबाच्या टेबलावर गोमांस लागे, डुकराचे मांस लागे, मद्य लागे. हिंदू आचारी पहिल्यास हात लावीना, मुसलमान खानसामा दुसऱ्यास लावीना. गोव्याच्या ख्रिस्ती माणसास यांपैकी कशाचाही विटाळ नव्हता. शिवाय पोर्तुगीज संपर्कामुळे पाव, सूप, भाजलेले मांस, सिरक्यात मुरवलेले पदार्थ त्याच्या परिचयाचे होते. साहेबांच्या क्लबांतून जगभर गेलेला ‘विंदालू’ हा मूळचा पोर्तुगीजांचा मद्य-लसणात मुरवलेल्या मांसाचा प्रकार. गोव्यात आल्यावर त्यात सिरका आणि मिरची शिरली, आणि गोमंतकीय आचाऱ्याच्या हातून तो इंग्रजांच्या पानात पडला. पदार्थाचे नाव राहिले. तो रांधणाऱ्याचे नाव कोणी विचारले नाही.

या धंद्याची चढण मोठी होती. पोरसवदा मुलगा भांडी घासणारा मसालची म्हणून आत शिरे. चुलीजवळ उभे राहण्याची परवानगी मिळण्यास वर्षे लागत. आचाऱ्याच्या हाताकडे पाहून शिकायचे, कारण लिहून देणारा कोणी नव्हता, आणि दिले तरी वाचता येईलच असे नव्हते. आगबोटींवर तर कामाची वाटणी जमातवार झालेली असे. पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या बोटींवर डेकचे खलाशी एका मुलखाचे, इंजिनाच्या भट्टीवरील माणसे दुसऱ्या मुलखाची. आणि भोजनगृह, कोठी व प्रवाशांच्या खोल्या यांची व्यवस्था गोमंतकीयांकडे. कोकणीत अशा माणसास ‘तारवटी’ म्हणतात. त्याच्या नोकरीची नोंदवही हीच त्याची खरी इस्टेट. तीत चांगला शेरा असेल तर पुढची बोट मिळे, वाईट पडला तर महिनोन् महिने धक्क्यावर खेटे घालावे लागत. दोन्ही महायुद्धांत इंग्रजी व्यापारी जहाजे बुडाली, त्यांच्याबरोबर हे वाढपी आणि आचारीही बुडाले. लढाईच्या इतिहासात त्यांना जागा मिळाली ती ओझरतीच.

मुंबईत इंग्रजीवाचून चालत नाही, हे गावांना लवकर कळले. १८८७ साली विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनी काढलेली आणि बारदेशातील हडफडे येथे रुजलेली सेंट जोझेफ ही शाळा गोव्यातील आरंभीच्या इंग्रजी शाळांपैकी होय. पोर्तुगालच्या राज्यात राहून मुलांना इंग्रजांची भाषा शिकवायची, हे वरवर विपरीत दिसते. पण पालकांचा हिशेब चोख होता. पोर्तुगीज शिकून पणजीच्या कचेरीत मूठभरांची सोय होणार. इंग्रजी शिकलेल्यास मुंबई, कराची, पूर्व आफ्रिका मोकळी. ज्या बापाने जन्मभर परक्याच्या खुर्चीमागे उभे राहून वाढले, त्याचा मुलगा कारकून किंवा शिक्षक म्हणून खुर्चीवर बसला तो या शाळांच्या जोरावर. ‘बटलरी इंग्रजी’ म्हणून हसणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की त्या मोडक्या इंग्रजीवर एका पिढीने दुसरीची फी भरली.

परंतु या इतिहासाचा गाभा स्वयंपाकघरात नाही. दिवसभर दुसऱ्याची सरबराई करणाऱ्या या माणसाला रात्री पाठ टेकण्यास मुंबईत स्वतःची वीतभर जागा नव्हती. तिच्यासाठी त्याने जी सोय निर्माण केली तिला ‘कूड’ म्हणतात. मराठीत कूड म्हणजे काड्यांची, मातीने लिंपलेली भिंत. कोकणीत कूड म्हणजे खोली. धोबीतलाव, कावेल, माझगाव या भागांत अशा शेकडो कुडी उभ्या राहिल्या. इंग्रजीत त्यांना क्लब म्हणत, आणि या नावाने अनोळखी माणसाची हमखास फसगत होई. येथे ना मद्य, ना पत्ते. धोबीतलावावरील जेर महाल या एका इमारतीतच कित्येक गावांच्या कुडी नांदत आल्या आहेत.

रचना अगदी साधी. कूड एका गावची. त्या गावच्या माणसासच प्रवेश, आणि भाडे एवढे अल्प की बेकारासही जड वाटू नये. भिंतीशी पेट्यांची रांग. प्रत्येकाची पेटी हीच त्याची हद्द, आणि रात्री तिच्यापुढे पसरलेली चटई हे त्याचे घर. तारवटी समुद्रावर गेला तरी वर्गणी भरीत राही व त्याची पेटी जागेवर असे. एका कोपऱ्यात वेदी, तिच्यावर गावच्या आश्रयदात्या संताची मूर्ती. संध्याकाळी तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना. जो हजर असेल त्याने तीत बसलेच पाहिजे. गावात ज्या दिवशी संताचे फेस्त, त्या दिवशी मुंबईच्या या खोलीतही फेस्त. नवख्या मुलास नोकरी मिळेपर्यंत सांभाळून घ्यायचे, आजाऱ्याकडे पाहायचे, आणि कोणी मरण पावला तर त्यास मातीआड करून घरी निरोप धाडायचा, हे सारे कुडीकडे.

कुडीच्या गुणांबरोबर तिचे दोषही सांगितले पाहिजेत. तेथे स्त्रीस प्रवेश नव्हता, म्हणून संसार गावीच राहिला. नवरा दोनचार वर्षांनी काही महिने घरी यायचा. मुले बापास ओळखीत ती मनीऑर्डरीच्या चिठ्ठीवरून. शेत, मुलांच्या शाळा, म्हाताऱ्यांचे दुखणेखुपणे हे सर्व बायकांनी निभावले, आणि त्यांची नोंद तर कोणत्याच वहीत नाही. जातीही गावाबरोबर मुंबईस आल्या. काही गावांच्या एकाऐवजी दोन कुडी झाल्या त्या याच कारणाने. एकाच वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्यांना एका खोलीत चटया पसरता येऊ नयेत, याचे समर्थन करता येणार नाही.

या गर्दीतूनच एक कला जन्मली. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात लुकाझिन रिबेरो यांनी ‘इटालियन भुरगो’ हा खेळ केला आणि कोकणी तियात्राचा आरंभ झाला. तियात्राच्या रंगभूमीवर पुढे आचारी, बटलर, तारवटी ही पात्रे वारंवार आली. प्रेक्षक स्वतःलाच पाहून हसत, आणि गावाकडच्या गीतावर डोळे पुशीत.

अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल १९०३ साली उघडले. तेथील मुदपाकखान्यात मिगेल आर्कांजो मास्कारेन्हास या गोमंतकीयाने मुख्य आचाऱ्याच्या पदापर्यंत मजल मारली; ‘मास्की’ या लाडक्या नावाने तो ओळखला जाई. अशी उदाहरणे थोडी. बहुतेकांची चढण मधल्याच पायरीवर थांबली, आणि त्यात त्यांच्या कर्तबगारीपेक्षा कातडीच्या रंगाचा भाग अधिक होता. मोठ्या हॉटेलांत वरच्या जागा दीर्घ काळ युरोपियनांसाठीच राखलेल्या असत.

१९४७ साली इंग्रज गेले, गोवा मात्र पोर्तुगालकडेच राहिला. मुंबईच्या दारूबंदीच्या १९४९ च्या कायद्याने हॉटेलांतील पानगृहांची कामे गेली. पण खरा आघात १९५५ चा. गोव्यात निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, भारताने सरहद्द बंद केली, आणि कॅसलरॉकवरून गोव्यात उतरणारी गाडी थांबली. सत्याग्रहींची बाजू न्यायाची होती, आणि मुंबईतल्या कित्येक गोमंतकीयांनी ती उघडपणे उचलली. तथापि धोबीतलावच्या आचाऱ्याची स्थिती विलक्षण झाली. ज्या शहराने पोसले त्यात तो कायद्याने परका. ज्या गावचा होता तेथे जाण्यास परवाना हवा, आणि घरी पैसे पाठविणेही कठीण. ज्याची आई त्या दिवसांत गेली त्यास मूठमाती देण्यास पोचता आले नाही, असे अनेक घरांत घडले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ च्या आदेशाने गोमंतकीय भारताचे नागरिक ठरले, आणि तीन पिढ्यांनी परदेश म्हणून जोडलेली मुंबई कागदोपत्रीही त्यांची झाली.

कॅसलरॉकच्या भोवतालची सीमा मात्र पुन्हा एकदा हलली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, आणि १९७३ पासून त्या राज्यास कर्नाटक म्हणतात. तालुक्याचे जुने ठाणे सुपा हे गाव काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेले, आणि कचेऱ्या जोयड्यास आल्या. आता त्या धरणाखाली गणेशगुडीच्या बाजूस पाहुण्यांसाठी निवासस्थाने झाली आहेत. तालुक्यातील माणसे आपल्याच गावी परक्यांना वाढतात, आणि रात्री आपल्या घरी निजतात.

१९७० नंतर गोव्याचे तरुण आखातातील देशांकडे आणि सहलीच्या मोठ्या जहाजांकडे वळले. मुंबईच्या कुडी त्यामानाने ओस पडल्या. काहींच्या इमारती मोडकळीस आल्या, काही जागा घरमालकांशी चाललेल्या तंट्यांत अडकल्या. तरी साऱ्याच बंद झाल्या नाहीत. जहाजावरील नोकरीची मुलाखत, वैद्यकीय तपासणी किंवा कागदपत्रे यांसाठी येणारा मुलगा आजही तेथे उतरतो. त्यास प्रथम विचारले जाते ते गावाचे नाव, आणि मग भिंतीशी एक जागा दाखवली जाते.