एक मेनंतरच्या जागा: अमेरिकी विद्यापीठांतील नाट्यप्रवेशाची पूर्वपीठिका

अमेरिकेत नाट्यशिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रवेशाचा हंगाम शरद ऋतूत सुरू होतो आणि १ मे रोजी, म्हणजे मिळालेल्या प्रवेशांपैकी एकाची अनामत रक्कम भरून होकार कळवण्याच्या दिवशी, संपतो असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्या तारखेनंतरही अनेक नाट्यविभाग अर्ज स्वीकारतात. मात्र कोणते विभाग स्वीकारतात आणि कोणते नाही, हे समजण्यासाठी शंभर वर्षांपूर्वीच्या एका मतभेदाकडे जावे लागते.

विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्डमध्ये जॉर्ज पीअर्स बेकर नाट्यलेखन शिकवत असत. त्या वर्गाचा क्रमांक ४७ असल्याने त्याला जोडून निघालेल्या प्रायोगिक मंडळाला ‘४७ वर्कशॉप’ हे नाव पडले, आणि १९१४ मध्ये यूजीन ओनील बेकरांच्या वर्गात दाखल झाले. तरीही नाट्य हा स्वतंत्र पदवीचा विषय आहे हे हार्वर्डने मान्य केले नाही. अखेर एडवर्ड हार्कनेस यांच्या दहा लाख डॉलरच्या देणगीतून येल विद्यापीठात नाट्यविभाग उभा राहू लागला, तेव्हा बेकर तिकडे निघून गेले. ओनील बेकरांच्या वर्गात आले त्याच १९१४ साली पिट्सबर्गच्या कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने थॉमस वुड स्टीव्हन्स यांच्या नेतृत्वाखाली नाट्यविषयक पदवी देणारा देशातील पहिला अभ्यासक्रम सुरू केला. ही संस्था मुळात पोलादनगरीतील कामगारांच्या मुलांना तांत्रिक शिक्षण देण्यासाठी निघाली होती, ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण जिथे हात घडवण्याला विद्या मानले जात होते, तिथे तालमीतून कमवायच्या अभिनयाला आणि कार्यशाळेत शिकायच्या नेपथ्याला पदवीचा मान मिळणे तुलनेने सोपे गेले.

या व्यावसायिक प्रवाहाच्या शेजारी दुसरा प्रवाह वाढला. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात फ्रेडरिक कॉख यांनी विद्यार्थ्यांना आपापल्या मुलखाच्या जीवनावर नाटके लिहायला आणि करायला लावली. त्यांच्या विद्यार्थ्यांत पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेले थॉमस वुल्फही होते. नट घडवणे हा येथील एकमेव हेतू नव्हता, तर नाटक हे माणसाच्या सर्वांगीण शिक्षणाचे अंग मानले गेले होते. आजच्या दोन पदव्या स्थूलमानाने या दोन प्रवाहांतून आल्या आहेत: बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स, अर्थात बी. एफ. ए., ही बहुतांश वेळ प्रत्यक्ष प्रशिक्षणाला देणारी पदवी, आणि बी. ए., जिच्यात नाट्याबरोबर इतिहास, साहित्य, विज्ञान असे इतर विषयही शिकावे लागतात.

१९६० च्या दशकात पहिल्या प्रवाहाला मोठे बळ मिळाले. न्यूयॉर्क विद्यापीठाने १९६५ मध्ये कला महाविद्यालय काढले आणि १९६८ मध्ये जॉन हाउसमन व मिशेल सँ-दनी यांनी जुलियार्डचा नाट्यविभाग सुरू केला. अशा अभ्यासक्रमांत एका वर्षाचे विद्यार्थी एका नाट्यसंचासारखे चार वर्षे एकत्र काम करतात, म्हणून जागा मोजक्याच असतात; जुलियार्डमध्ये अभिनयाची एक तुकडी विसाच्या आसपास असते. निवड ‘ऑडिशन’मधून, म्हणजे परीक्षकांसमोर केलेल्या सादरीकरणातून होते, ज्यात सहसा परस्परभिन्न प्रकृतीची दोन स्वगते आणि संगीतनाट्यासाठी गीतांचे अंश सादर करायचे असतात. पुढे प्रवास आणि खर्च वाचावा म्हणून अनेक संस्थांनी न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस अशा शहरांत एकत्रित ऑडिशन घ्यायला सुरुवात केली, आणि त्याआधी ध्वनिचित्रफितीवरून होणारी प्राथमिक चाळणीही रूढ झाली. जानेवारी-फेब्रुवारीतील हे वेळापत्रक ज्याचे हुकले, त्याला बी. एफ. ए. अभिनयाचे दार त्या वर्षी बहुधा बंदच होते, कारण परीक्षक मंडळ पुन्हा बसत नाही आणि ऐनवेळी रिकामी झालेली जागा प्रतीक्षायादीतून भरली जाते.

उघडी राहतात ती बहुतांशी दुसऱ्या प्रवाहाची दारे. ऑडिशन न मागणारे बी. ए. विभाग, आलेल्या अर्जांवर क्रमाने निर्णय देत राहणारी विद्यापीठे, तसेच नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा आणि रंगमंच-व्यवस्थापन यांचे अभ्यासक्रम, ज्यांच्याकडे अभिनयापेक्षा कमी अर्ज येतात आणि निवड कामाचे नमुने व मुलाखत यांवर होते, तेथे मे-जूनमध्येही वाट सापडते. या जागांना उरलेल्या जागा समजणे अन्यायाचे आहे. कॉख यांच्या परंपरेने ज्यांना नाटकाकडे वळवले त्यांची तुलना चाळणीतून आलेल्यांशी करण्याचे काही कारण नाही.

महाराष्ट्रातील व्यावसायिक प्रवेशांप्रमाणे रिक्त जागांसाठी फेऱ्या घेणारी मध्यवर्ती यंत्रणा अमेरिकेत नाही. ती उणीव काही अंशी महाविद्यालयीन प्रवेश समुपदेशकांची राष्ट्रीय संघटना भरून काढते, जी दरवर्षी मेच्या सुरुवातीला जागा, आर्थिक साहाय्य आणि वसतिगृह शिल्लक असलेल्या महाविद्यालयांची यादी प्रसिद्ध करते. यादी संस्थेची असते, विभागाची नव्हे; म्हणून यादीतील महाविद्यालयाचा नाट्यविभाग भरलेला असू शकतो, आणि खरे उत्तर विभागाच्या कार्यालयातच मिळते. याच संघटनेच्या आचारसंहितेत १ मेनंतर दुसरीकडे होकार दिलेल्या विद्यार्थ्याला ओढू नये असे कलम होते. स्पर्धाविरोधी ठरवून न्याय खात्याने आक्षेप घेतल्यावर २०१९ मध्ये ते वगळले गेले आणि या तारखेची पूर्वीची पक्की सीमा सैल झाली.

२०२४ मध्ये ती आणखी सैल झाली. केंद्रीय आर्थिक साहाय्याच्या अर्जप्रक्रियेला विलंब झाल्याने अनेक महाविद्यालयांनी मुदत १५ मे किंवा १ जूनपर्यंत वाढवली. त्यातच ३१ मे रोजी फिलाडेल्फियातील युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्सने आठवड्याभरात बंद होत असल्याचे जाहीर केले आणि ७ जूनला ती बंद झाली. नाट्य, संगीत, नृत्य शिकणाऱ्यांबरोबरच होकार देऊन बसलेले नवे विद्यार्थीही त्यामुळे बेघर झाले. त्यांना सामावून घेण्यासाठी त्याच शहरातील टेंपल आणि ड्रेक्सेल विद्यापीठे व मूर कला महाविद्यालय पुढे आले, आणि हंगाम संपला असे सगळे समजत असताना जून महिन्यात तेथे पुन्हा अर्ज घेतले जाऊ लागले.