झाकल्या मोहऱ्यांचा पट : 'स्ट्रॅटेगो' या खेळातील हेर आणि संगणक

प्रस्तावना

बुद्धिबळाच्या पटावर गुपित असे काही नसते. दोन्ही सैन्ये उघड्यावर उभी असतात आणि प्रत्येक मोहऱ्याचे बळ दोन्ही खेळाडूंना ठाऊक असते. 'चतुरंग' या नावातच हत्ती, रथ, घोडदळ आणि पायदळ ही सेनेची चार अंगे सामावलेली आहेत. हेर मात्र त्यांत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात एका ठिकाणी राहून काम करणारे 'संस्था' आणि फिरते 'संचार' असे हेरांचे दोन वर्ग करून त्यांचे सविस्तर विवेचन केलेले आढळते. राज्यव्यवहारात ज्याला एवढे महत्त्व, त्याला पटावर जागा मिळाली नाही, याचे कारण उघड आहे. जेथे सर्व काही दिसते तेथे हेराला काम उरत नाही.

हेराला पटावर आणावयाचे तर आधी पट झाकावा लागतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात हे घडले आणि त्यातून 'स्ट्रॅटेगो' हा खेळ आकारास आला. या खेळाची जडणघडण, तो खेळण्याची रीत आणि संगणकाने त्यात केलेला प्रवेश यांचा परामर्श घेऊन, या पटावर हेरगिरी नेमकी कोण करतो, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

1. पूर्वपीठिका

शत्रूची माहिती अपुरी असताना निर्णय घेण्याचा सराव व्हावा, या हेतूने प्रशियाच्या सैन्यात 1824 मध्ये राइसविट्झ यांचा 'क्रीगस्पील' हा युद्धखेळ प्रचारात आला. त्यात कोणाला काय दिसते, हे पंच ठरवीत असे. 1899 मध्ये इंग्लंडमध्ये हेन्री मायकेल टेंपल यांनी हेच तत्त्व बुद्धिबळाला लावले. प्रत्येक खेळाडूला फक्त स्वतःचे मोहरे दिसत आणि दोन्ही बाजूंचा खरा पट पंचापुढे असे. या दोन्ही खेळांची अडचण एकच होती. तिसरा, जाणकार आणि निःपक्षपाती माणूस हाताशी असल्याशिवाय खेळ मांडता येत नसे.

ही अडचण एका फ्रेंच महिलेने दूर केली. एर्मांस एदाँ यांनी 1908 मध्ये एका युद्धखेळाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढील वर्षी ते त्यांना मिळाले. 'लाताक', म्हणजे 'हल्ला', या नावाने तो खेळ बाजारात आला. त्यातील मोहरे उभे राहणारे असून हुद्दा एकाच बाजूला छापलेला असे. मोहऱ्याची पाठ शत्रूकडे केली की गुपित आपोआप राखले जाई आणि पंचाची गरज संपे. कल्पना साधी होती. परंतु घराघरांत खेळता येईल असा झाकलेल्या माहितीचा युद्धखेळ तिच्यामुळेच शक्य झाला.

तो काळही ध्यानात घेण्याजोगा आहे. हेरगिरीच्या आरोपावरून 1894 मध्ये अटक झालेल्या कॅप्टन ड्रेफ्यूस यांना 1906 मध्ये निर्दोष ठरविण्यात आले. त्या बारा वर्षांत या प्रकरणाने फ्रेंच समाज दुभंगला होता. ब्रिटनने आपली गुप्तवार्ता संघटना 1909 मध्ये स्थापन केली. अशा काळात पटावरचा हेर कोण, हे ग्राहकाला समजावून सांगण्याची गरज पडली नसावी.

ब्रिटनमध्ये गिब्सन या कंपनीने हा खेळ पुढे चालविला. 'स्ट्रॅटेगो' या नावाची नोंदणी 1942 मध्ये नेदरलँड्समध्ये झाली. या खेळाचे श्रेय जॅक योहान मोगेनडोर्फ यांना दिले जाते. त्या वेळी तो देश जर्मनीच्या ताब्यात होता. बाहेर खऱ्या फौजा वावरत असताना नोंदविलेल्या या खेळाने पुढे नेपोलियनच्या काळातील गणवेश धारण केला आणि याच रूपात तो जगभर गेला. अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली या कंपनीने तो 1961 मध्ये आणला.

2. मांडणी आणि नियम

स्ट्रॅटेगोचा पट 10 बाय 10 घरांचा असतो. मध्यभागी प्रत्येकी चार घरांची दोन तळी असून त्यांत कोणालाही प्रवेश नसतो. प्रत्येक खेळाडूजवळ 40 मोहरे असतात : मार्शल 1, जनरल 1, कर्नल 2, मेजर 3, कॅप्टन 4, लेफ्टनंट 4, सार्जंट 4, मायनर 5, टेहळ्या 8, हेर 1, सुरुंग 6 आणि निशाण 1. प्रत्येकाने आपले मोहरे आपल्याकडील चार ओळींत हवे तसे मांडावयाचे असतात. मधल्या दोन ओळी आरंभी रिकाम्या राहतात.

खेळाडू आळीपाळीने एकेक मोहरा हलवितात. मोहरा पुढे, मागे किंवा बाजूला एक घर जातो. तिरका जात नाही. टेहळ्या मात्र मोकळ्या सरळ रेषेत कितीही घरे जाऊ शकतो. निशाण आणि सुरुंग जागचे हलत नाहीत. शत्रूच्या मोहऱ्यावर चाल केली की दोघांनीही हुद्दा जाहीर करावयाचा. कनिष्ठ मोहरा पटावरून जातो आणि हुद्दा समान असल्यास दोन्ही जातात. सुरुंगावर जो चालून जाईल तो नष्ट होतो. अपवाद मायनरचा, कारण तो सुरुंग निकामी करतो. आपल्याकडील 'सफरमैना' पलटणीचे काम ते हेच. शत्रूचे निशाण हाती आले, किंवा शत्रूजवळ हलविता येईल असा मोहरा उरला नाही, की डाव जिंकला.

मांडणी हाच या खेळाचा अर्धा भाग होय. निशाण बहुधा शेवटच्या ओळीत ठेवून त्याभोवती सुरुंग पेरतात. कोपऱ्यात ते दोन सुरुंगांनी झाकले जाते, इतरत्र तीन लागतात. परंतु कोपऱ्यातील सुरुंगांची जोडी हीच निशाणाची खूण ठरू शकते. म्हणून जाणता खेळाडू दुसऱ्या कोपऱ्यातही सुरुंग मांडून शत्रूला चकवितो. निदान दोन मायनर अखेरपर्यंत राखून ठेवणे शहाणपणाचे असते, कारण ते संपले तर सुरुंगांआडचे निशाण हाती लागणे अशक्य होते. टेहळ्यांची संख्या मोठी असली तरी ते सारे आरंभीच खर्च करू नयेत. पट मोकळा झाल्यावर त्यांची लांब धाव अधिक उपयोगी पडते.

3. हेर काय करतो?

नियमांप्रमाणे हेर हा चालणाऱ्या मोहऱ्यांत सर्वांत दुबळा असतो. कोणीही त्याच्यावर चाल केली तर तो मरतो. त्याला एकच अधिकार आहे : त्याने स्वतः होऊन मार्शलवर चाल केली तर मार्शल पडतो. मार्शलने आधी चाल केल्यास मात्र हेरच जातो. त्यामुळे हेराला बहुधा जनरलच्या आसपास ठेवतात. शत्रूच्या मार्शलने जनरलला मारले की तो ओळखला जातो आणि शेजारचा हेर पुढच्याच चालीत त्याचा निकाल लावतो.

येथे एक विसंगती लक्षात येते. ज्याला हेर म्हटले आहे तो माहिती आणीत नाही. त्याचे काम मारेकऱ्याचे आहे. माहिती मिळविण्याचे काम इतर सर्व मोहरे करतात आणि तिची किंमतही तेच मोजतात. टेहळ्या मरतो, पण समोर कॅप्टन उभा आहे हे सांगून जातो. कर्नलने मेजर मारला तर मेजर मिळतो, पण कर्नल उघडा पडतो. जो मोहरा एकदा हलला तो सुरुंग नाही आणि निशाणही नाही, हे तत्क्षणी कळते. जो बराच काळ हलला नाही त्याच्याविषयी संशय बळावतो. या पटावर प्रत्येक चाल काही विचारते आणि काही सांगूनही टाकते. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' या म्हणीतील मर्म येथे हिशेबाच्या पातळीवर खरे ठरते, कारण मोहऱ्याचे मोल त्याच्या हुद्द्याइतकेच त्याच्या अज्ञातपणावर अवलंबून असते.

हेराचे खरे सामर्थ्यही यातच आहे. तो कोठे आहे हे ठाऊक नाही तोवर शत्रूचा मार्शल प्रत्येक अनोळखी मोहऱ्याजवळ जाताना कचरतो. हेर मारला गेला की हा धाक संपतो. प्रत्यक्ष वार न करताही तो सर्वोच्च सेनापतीला जखडून ठेवू शकतो.

4. संगणक : पंच आणि प्रतिस्पर्धी

मिल्टन ब्रॅडलीने 1982 मध्ये या खेळाची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती काढली आणि 1990 मध्ये अ‍ॅकोलेड या कंपनीने तो वैयक्तिक संगणकावर आणला. संगणकाच्या आगमनाने पंच एका अर्थाने परत आला. दोन्ही बाजू त्याला दिसतात, हुद्द्यांची तुलना तो करतो आणि नियमभंग होऊ देत नाही. समोरासमोर खेळताना नजर कोठे रेंगाळते, हात कोठे अडखळतो, यावरून जे कळते ते पडद्यावर कळत नाही. खेळाडूजवळ उरतो तो केवळ चालींचा पुरावा. शिवाय लढाईत एकदा उघड झालेला मोहरा पुन्हा पाठ फिरवून उभा राहतो आणि माणूस त्याचा हुद्दा विसरू शकतो; यंत्र विसरत नाही.

असे असूनही प्रतिस्पर्धी म्हणून संगणक दीर्घकाळ दुबळाच राहिला. बुद्धिबळात 1997 मध्ये डीप ब्लूने विश्वविजेत्या कास्पारोव्हला हरविले. 2016 मध्ये अल्फागोने 'गो' या खेळात ली सेडॉलवर मात केली. या दोन्ही खेळांत पट उघडा असतो आणि पुढील चालींचा शोध घेण्यास निश्चित आरंभबिंदू मिळतो. स्ट्रॅटेगोत तोच नसतो. एका बाजूचे 40 मोहरे मांडण्याच्या पद्धतींची संख्या 10 च्या 33 व्या घाताहून अधिक आहे. दोन्ही बाजू मिळून ती 10 च्या 66 व्या घातावर जाते. पुढे काय होईल हे मोजण्यापूर्वी समोर काय आहे, याचाच अंदाज बांधावा लागतो. त्यातही एकच एक उत्तम चाल नेहमी खेळली तर ती चालच गुपित फोडते.

5. हूल देणारे यंत्र

डीपमाइंड या संस्थेच्या 'डीपनॅश' या प्रणालीविषयीचा शोधनिबंध डिसेंबर 2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ही प्रणाली केवळ स्वतःशी खेळून शिकली होती. आपले वर्तन प्रतिस्पर्ध्याला ओळखून त्याचा फायदा घेता येणार नाही असे समतोल ठेवणे, हे तिचे सूत्र होते. एप्रिल 2022 मध्ये 'ग्रॅव्हॉन' या ऑनलाइन मंचावर तज्ज्ञ खेळाडूंशी झालेल्या 50 डावांपैकी 42 डाव तिने जिंकले आणि त्या मंचाच्या सार्वकालिक क्रमवारीत तिसरे स्थान मिळविले.

आकड्यांपेक्षा तिच्या दोन डावांतील वर्तन अधिक बोलके आहे. एका डावात तिने आपला मेजर आणि कर्नल गमावला; मात्र त्या बदल्यात शत्रूचे मार्शल, जनरल, एक कर्नल आणि दोन मेजर कोठे आहेत हे जाणून घेतले. संख्याबळात मागे असूनही आपण जिंकण्याची शक्यता 70 टक्के असल्याचा तिचा अंदाज होता. मोहरे देऊन माहिती विकत घेण्याचा हा व्यवहार होता. दुसऱ्या डावात तिने एका सामान्य टेहळ्याला शत्रूच्या कर्नलच्या पाठीशी असे लावले की, पाठलाग करणारा मार्शलच असावा, अशी समोरच्याची खात्री झाली. त्याने मार्शलला मारण्यासाठी दडवून ठेवलेला हेर बाहेर काढला आणि तो गमावला. मराठी युद्धपरंपरेत ज्याला 'हूल देणे' म्हणतात ती हीच. ती कोणी यंत्राला शिकविली नव्हती. माहिती झाकलेली असेल तर फसविणे हाही तर्कशुद्ध खेळाचाच भाग ठरतो, एवढेच त्यातून सिद्ध झाले.

समारोप

एर्मांस एदाँ यांनी मोहऱ्यांची पाठ फिरविली तेव्हा पंच बाहेर गेला आणि संशय आत आला. त्या क्षणापासून या खेळातील हेरगिरी हेर नावाच्या मोहऱ्याकडे राहिली नाही. ती चाल करणाऱ्याकडे गेली. कमी हुद्द्याचा टेहळ्या मार्शलसारखा वागतो आणि खरा हेर घात करण्याच्या घाईत स्वतःच सापडतो, तेव्हा नाव आणि काम यांतील हे अंतर स्पष्ट दिसते. इतिहासाच्या अभ्यासकालाही हा पट परका वाटू नये. समोर उभे आहे त्याचा हुद्दा माहीत नसताना केवळ हालचालींच्या खुणांवरून त्याची ओळख पटविणे आणि आपली खात्री हीच कोणाची हूल तर नाही ना, हे तपासत राहणे, ही शिस्त दप्तरातील कागद वाचणाऱ्यालाही तितकीच लागते.