'सुशेगाद': एका शब्दाची बदनामी

गोव्याचे नाव निघाले की पाठोपाठ 'सुशेगाद' येतो. माडाची सावली, हाती पेला आणि कामाला रजा, असे त्याचे चित्र पर्यटनाच्या जाहिरातींनी रंगविले. मराठीतही 'सुशेगात पडून राहणे' म्हणजे आळसाने लोळणे, हाच अर्थ रूढ होऊ पाहतो. शब्दाचा इतिहास निराळा आहे.

मूळ पोर्तुगीज शब्द 'सोसेगादो'. अर्थ शांत, स्थिर, निश्चिंत. तिकडे तो संथ समुद्राला लागतो आणि वळवळणाऱ्या मुलाला गप्प बसविण्यासही वापरतात. आळसाचा ठपका त्यात नाही. आणखी मागे गेल्यास लॅटिनमधील 'सेदेरे', म्हणजे बसणे, हे क्रियापद लागते. संस्कृत 'सद्' हा त्याचाच भाऊबंद. 'सदन' आणि 'संसद' त्याच कुळातले. (संसदेला मात्र कोणी सुशेगाद म्हणत नाही, हे विशेष.)

पोर्तुगीज सत्ता 1510 पासून 1961 पर्यंत टिकली. त्या भाषेत आघात नसलेला 'ओ' बोलताना 'उ'कडे झुकतो आणि शेवटचा स्वर जेमतेम ऐकू येतो. म्हणून 'सो'चा 'सु' झाला, 'दो'चा 'द' उरला. पगार, चावी, तुरुंग यांच्याप्रमाणे हा शब्दही पोथीतून नव्हे, कानावाटे आला. मराठीने पुढे एक गंमत केली. शेवटच्या 'द'चा 'त' करून त्यात तिने सप्तमी ऐकली, आणि 'आरामात', 'मजेत' यांच्या पंगतीला 'सुशेगात' जाऊन बसला.

आता ज्यांच्यावर आळसाचा शिक्का बसला, त्यांच्याकडे पाहावे. गोव्यातील खाजन शेती म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्याशी अखंड झुंज. चिखलाचे बांध घालून, 'मानस' नावाची दारे बसवून, नदीकाठची जमीन भाताखाली आणली गेली. भरतीला दार पाण्याच्या दाबाने मिटते, ओहोटीला उघडते. पण बांध फुटला तर शेतात खारे पाणी शिरते, म्हणून त्याची राखण बारमाही. मिठागरातील काम भर उन्हाचे. तारवटी गोवेकर तर महिनोन्‌महिने बोटीवर राबून घरी येत. अशा माणसाने दुपारी जेवून अंग टाकले, तर त्याला 'सोसेगादो' म्हणणे अगदी नेमके होते: काम उरकून स्वस्थ झालेला.

ही पहिली अर्धी बाजू जाहिरातीने गाळली आणि दुपारची झोप तेवढी विकावयास ठेवली. गोव्यातील कित्येक दुकाने आजही दुपारी एकच्या सुमारास बंद होतात. ती संध्याकाळी पुन्हा उघडतात, हे प्रवासी क्वचितच सांगतो.