उमेदवाराचा हिशेब सगळ्यांचा, घरचा पत्ता कुणाचा?

तुम्ही बडोद्यात असा, बेळगावात असा की इंदुरात, तुमच्याकडे विधानसभेला किंवा लोकसभेला उभं राहणाऱ्या प्रत्येकाला अर्जासोबत एक शपथपत्र द्यावं लागतं. त्याचं नाव नमुना २६. त्यात स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता, कर्जं, पॅन आणि खटले येतात. घरचा पत्ता आणि फोन नंबरही येतो. मग हा कागद निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतो. यातलं मतदाराला काय कळायलाच हवं, आणि काय कळून त्याचा काहीच उपयोग नाही, हा आजचा प्रश्न आहे.

आधी हा कागद आला कसा ते बघू. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उमेदवाराची पार्श्वभूमी जाणणं हा मतदाराचा हक्क आहे. राजकीय पक्षांना हे रुचलं नाही. ऑगस्टमध्ये सरकारने अध्यादेश काढायचं ठरवलं. राष्ट्रपती कलामांनी तो एकदा परत पाठवला. मंत्रिमंडळाने तोच पुन्हा धाडला, तेव्हा त्यांना सही करावी लागली. पुढे त्याचा कायदा झाला आणि त्यात कलम ३३ब आलं. न्यायालय काहीही म्हणो, कायद्यात आहे त्यापलीकडची माहिती उमेदवाराने द्यायची गरज नाही, असा त्याचा अर्थ. १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने हे कलम रद्द केलं. जोडीदाराच्या मालमत्तेचं काय, हा खासगीपणाचा प्रश्न तिथेही निघाला होता. उत्तर मिळालं की व्यापक लोकहितापुढे खासगीपणाला मागे सरावं लागेल.

पैशाचा हिशेब तर त्याहून जुना. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ सालचा. निकालानंतर ३० दिवसांत उमेदवाराने खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा, आणि १९६१ च्या नियमांनुसार कुणीही एक रुपया भरून तो बघायचा. विचार करा, तेव्हा बघणाऱ्याला कचेरीत जावं लागायचं. आज कागद घरबसल्या उघडतो, आणि एकाच वेळी हजारो कागदांतले पत्ते, नंबर गोळा करता येतात. शपथपत्राची कल्पना मान्य झाली तेव्हा हा धोका कुणाच्या फारसा डोळ्यासमोर नव्हता.

इतर देशांनी काय केलं? ब्रिटनमध्ये निवडणूक खर्चाच्या हिशेबाची प्रत कुणालाही मिळते, पण देणगीदार व्यक्तीचा पत्ता त्या प्रतीतून वगळायची जबाबदारी अधिकाऱ्यावर आहे. नाव आणि रक्कम मात्र राहते. २००९ च्या कायद्याने तिथल्या संसदेच्या उमेदवारांनाही मतपत्रिकेवर घरचा पत्ता न छापण्याची मुभा दिली. अमेरिकेत २०० डॉलरवरच्या देणगीदारांची नावं-पत्ते जाहीर होतात, पण ती यादी धंद्यासाठी किंवा देणग्या मागायला वापरणं बेकायदा आहे. गंमत अशी की चोर सापडावा म्हणून प्रचार समितीला प्रत्येक अहवालात १० खोटी नावं घालता येतात! त्या नावांवर पत्रं आली, की यादी कुणी उचलली ते कळतं.

आपल्याकडे २०१७ साली नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर २०२४ मध्ये दोन निकाल आले. फेब्रुवारीत निवडणूक रोखे रद्द झाले, कारण मोबदल्यासाठी दिलेल्या पैशाला खासगीपणाचं पांघरूण मिळणार नाही. एप्रिलमध्ये अरुणाचलच्या तेजू मतदारसंघाचा निकाल आला. आमदारांनी तीन जुनी वाहनं शपथपत्रात दाखवली नव्हती, म्हणून उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली आणि म्हटलं की उमेदवाराने आयुष्य उघडं करून ठेवायची गरज नाही. महागडी घड्याळं बाळगणाऱ्याने ती सांगावीत, साधं घड्याळ लपवण्याजोगं नसतंच.

हे दोन निकाल शेजारी ठेवले की मला एक रेघ दिसते. पैसा कुठून आला, कुठे गेला, मालमत्ता किती वाढली, खटले कोणते, हे सगळं उघडं हवं. पण पॅनचा क्रमांक आयकर खात्याला लागतो. मतदाराला तो दिला आहे एवढं कळलं तरी पुरतं. घर क्रमांकाऐवजी गाव किंवा प्रभाग पुरतो. पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या एखाद्या बाईला रात्री-बेरात्री फोन येत असतील, तर त्यातून लोकशाहीला काय मिळालं?

पण इथे सावध राहायला हवं. २००२ मध्ये माहिती दाबू पाहणाऱ्यांच्या हातीही खासगीपणाचाच मुद्दा होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(जे) बदललं आहे, आणि वैयक्तिक माहिती म्हणून नकार देणं सोपं झालं आहे. म्हणून काय झाकायचं त्याची यादी छोटी आणि कायद्यात लिहिलेली असावी. ती अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडली, तर आज पत्ता झाकला जाईल आणि उद्या हिशेब.